वरच्या पायरीची आस

२६ मे २०२४ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर लीड्स युनायटेड आणि साउदॅम्प्टन हे दोन क्लब समोरासमोर होते. पुढच्या मोसमात इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत, म्हणजे प्रीमिअर लीगमध्ये कोण खेळणार, एवढं त्या सामन्यातून ठरायचं होतं. साखळीत लीड्स ९० गुणांसह तिसरा आला होता, साउदॅम्प्टन ८७ गुणांसह चौथा. अ‍ॅडम आर्मस्ट्राँगचा एक गोल झाला, साउदॅम्प्टन जिंकला आणि लीड्सचे हजारो चाहते डोळे पुसत घरी परतले.

त्यानंतरचं वर्ष बघा. प्रीमिअर लीगमध्ये गेलेल्या साउदॅम्प्टनने ३८ पैकी फक्त २ सामने जिंकले. सात सामने शिल्लक असतानाच त्यांचं खाली जाणं पक्कं झालं आणि मोसमाअखेर त्यांच्या खात्यात १२ गुण होते. खाली राहिलेल्या लीड्सने त्याच काळात १०० गुण मिळवून चॅम्पियनशिप, म्हणजे दुसरी श्रेणी, जिंकली. एका बाजूला महिनोन्‌महिने पराभव पाहणारे चाहते आणि दुसऱ्या बाजूला दर आठवड्याला विजय पाहणारे. तरीही, पुढचं सगळं आधी कळलं असतं तर वेम्बलीवर हरायला लीड्सचा एक तरी चाहता राजी झाला असता, असं मला वाटत नाही.

हे कोडं सोडवण्यासारखं आहे. वर गेल्यावर मार खावा लागणार हे बहुतेकांना ठाऊक असतं. तरी बढतीची शक्यता दिसू लागली की अख्खं शहर तिच्याभोवती फिरू लागतं. चाहत्याला त्या बढतीतून नेमकं काय हवं असतं? याचं उत्तर शोधायचं तर आधी त्या पायऱ्या कशा बांधल्या गेल्या ते पाहायला हवं.

पायऱ्या कशा घडल्या

इंग्लंडमध्ये १८८८ साली १२ क्लबांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली. १८९२ मध्ये तिला दुसरी श्रेणी जोडली गेली. आता कोण वर जाणार आणि कोण खाली येणार, हे ठरवायचं कसं? सुरुवातीला त्यासाठी ‘टेस्ट मॅच’ खेळवल्या जात. वरच्या श्रेणीतले तळाचे संघ आणि खालच्या श्रेणीतले अव्वल संघ यांच्यात या लढती होत.

१८९८ मध्ये या पद्धतीतली खोट उघडी पडली. त्या वर्षी स्टोक, ब्लॅकबर्न रोव्हर्स, बर्नली आणि न्यूकॅसल युनायटेड अशा चार संघांची छोटी साखळी होती. शेवटच्या लढतीत स्टोक आणि बर्नली समोरासमोर आले तेव्हा दोघांनाही बरोबरी पुरेशी होती. मग गोल करायचा कुणी आणि कशाला? सामना ०-० सुटला. पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांना फुटबॉल दिसलाच नाही आणि ते संतापले. लीगने श्रेणी वाढवून चारही क्लबांना वर सामावून घेतलं, टेस्ट मॅच बंद केल्या आणि पुढच्या मोसमापासून गुणतक्त्यानुसार थेट बढती व थेट घसरण सुरू केली.

आजची सगळी उत्कंठा या निर्णयावर उभी आहे. मैदानात जे मिळवाल त्यावर तुमची जागा ठरेल, आणि ती दरवर्षी नव्याने ठरेल. क्लब किती जुना, शहर किती मोठं, मालक किती श्रीमंत, याचा फायदा जरूर होतो. पण नियमांच्या लेखी त्याला किंमत नाही. खेड्यातला क्लबही पायरी पायरीने शिखरापर्यंत जाऊ शकतो आणि एकेकाळचा विजेता तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडू शकतो. चाहत्याची अपेक्षा इथे जन्माला येते.

ऑगस्ट ते मे

इंग्लंडची दुसरी श्रेणी म्हणजे चॅम्पियनशिप. २४ संघ, प्रत्येकाचे ४६ सामने. पहिले दोन संघ थेट प्रीमिअर लीगमध्ये जातात. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे चार संघ प्ले-ऑफ खेळतात आणि त्यातला एक वर जातो. शेवटचे तीन संघ तिसऱ्या श्रेणीत उतरतात. १९८१ पासून विजयाला ३ गुण आहेत. सामन्यामागे सरासरी दोन गुण, म्हणजे एकूण ९०च्या घरात पोचलात तर सहसा पहिल्या दोघांत जागा मिळते. ‘सहसा’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण २०२३-२४ मध्ये लीड्सला ९० गुणांवरही तिसरं राहावं लागलं. लेस्टर ९७ आणि इप्सविच ९६ गुणांवर पोचले होते.

या नऊ-दहा महिन्यांत चाहत्याची अपेक्षा एकसारखी राहत नाही. ऑगस्टमध्ये ती सगळ्यांकडे असते. नवा प्रशिक्षक, नवे खेळाडू, कोरी पाटी. ऑक्टोबरपर्यंत निम्म्या शहरांतली ती मावळते. नाताळाच्या सुमारास संघ पहिल्या चारांत असेल तर गणितं सुरू होतात. उरलेले सामने किती, त्यातले घरच्या मैदानावरचे किती, प्रतिस्पर्ध्याचे अवघड सामने कुठले? मार्च उजाडला की चाहता एकाच वेळी दोन सामने पाहू लागतो. एक डोळ्यांसमोरचा आणि दुसरा शंभर मैलांवर चाललेला, ज्याचा गोलफलक हातातल्या फोनवर हलत असतो. आपला संघ जिंकत असूनही स्टेडियम मध्येच हळहळतं, किंवा काहीच घडलेलं नसताना जल्लोष उसळतो, तो त्या दुसऱ्या सामन्यामुळे.

एप्रिलमध्ये मात्र एक विचित्र गोष्ट होते. बढती जितकी जवळ येते तितके चाहते तिच्याबद्दल उघड बोलणं टाळू लागतात. आपल्याकडे सोयरीक पक्की होईपर्यंत घरातले बाहेर वाच्यता करत नाहीत, तसंच हे. मनात अपेक्षा भरून वाहत असते, पण तोंडाने ‘बघू या’ एवढंच. बाहेरच्याला ही निराशा वाटते. खरं तर ती फार मोठ्या आशेची राखण असते, आणि ही राखण चाहत्यांना अनुभवाने शिकवलेली असते.

हातातोंडाशी आलेला घास

लीड्सचे चाहते या शिक्षणात पुढचे. २००१ मध्ये हा क्लब चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत खेळला होता. यापुढेही दरवर्षी युरोपात खेळू, पैसा येत राहील, या भरवशावर व्यवस्थापनाने प्रचंड कर्ज काढलं होतं. ती पात्रता हुकली, कर्ज अंगावर आलं, खेळाडू विकावे लागले आणि २००४ मध्ये क्लब प्रीमिअर लीगमधून बाहेर पडला. २००७ मध्ये तर तिसऱ्या श्रेणीत उतरला आणि आर्थिक नियमभंगाच्या शिक्षेमुळे पुढचा मोसम त्याला उणे १५ गुणांपासून सुरू करावा लागला. तरी एलँड रोड या त्याच्या मैदानावर वीस हजारांहून अधिक लोक येत राहिले. तिसऱ्या श्रेणीत एवढी गर्दी खेचणारे क्लब फार थोडे.

२००४ नंतरची वर्षं म्हणजे आशा बांधण्याची आणि ती मोडताना पाहण्याची. २००६ मध्ये प्ले-ऑफचा अंतिम सामना वॉटफर्डकडून ०-३ हरले. २००८ मध्ये उणे १५ची तूट भरून काढत तिसऱ्या श्रेणीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि डॉनकास्टरकडून ०-१ हरले. २००९ मध्ये मिलवॉलने उपांत्य फेरीत अडवलं. २०१० मध्ये एकदाचे तिसऱ्या श्रेणीतून वर आले, तेही शेवटच्या दिवशी, दहा खेळाडूंनिशी ब्रिस्टल रोव्हर्सला हरवून.

पण सगळ्यात खोल घाव २०१९चा. आदल्या वर्षी अर्जेंटिनाचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा आले होते. आधीच्या मोसमात तेराव्या क्रमांकावर राहिलेला जवळजवळ तोच संघ त्यांनी अव्वल स्थानावर नेऊन ठेवला. संघ इतक्या वेगाने आणि धाडसाने खेळू लागला की वर्षानुवर्षं मन घट्ट केलेले चाहतेही विरघळले. मग गुड फ्रायडेचा सामना आला. १९ एप्रिल २०१९, घरच्या मैदानावर समोर विगन. विगनचा एक खेळाडू चौदाव्या मिनिटाला बाहेर काढला गेला, लीड्सने आघाडीही घेतली आणि तरी ते १-२ हरले. त्याच दिवशी शेफील्ड युनायटेड जिंकून पुढे गेला. तीन दिवसांनी ब्रेंटफर्डने २-० हरवलं. थेट बढती निसटली.

२८ एप्रिलला अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध जे घडलं ते फुटबॉलच्या इतिहासात कायमचं नोंदलं गेलं आहे. व्हिलाचा खेळाडू दुखापतीने खाली पडलेला असताना लीड्सने खेळ चालू ठेवून गोल केला. बिएल्सांनी आपल्या संघाला सांगितलं, त्यांना गोल करू द्या. व्हिलाचा अल्बर्ट अडोमा मोकळ्या मैदानातून चालत गेला आणि चेंडू जाळ्यात टाकून आला. सामना १-१ सुटला आणि शेफील्ड युनायटेडची बढती त्या निकालाने पक्की झाली. फिफाने त्या वर्षीचा खिलाडूवृत्तीचा पुरस्कार बिएल्सा आणि लीड्सला दिला. चाहत्यांना त्या माणसाचा अभिमान वाटला, पण वाट पाहणं संपलं नाही. प्ले-ऑफच्या उपांत्य फेरीत डर्बीला त्यांच्या मैदानावर १-० हरवून आलेला लीड्स एलँड रोडवर २-४ हरला.

या अनुभवांमुळे चाहत्याची अपेक्षा गुणतक्त्यापेक्षा आठवणीवर अधिक चालते. तक्ता सांगतो, पाच गुणांची आघाडी आहे, सहा सामने उरलेत, काळजीचं कारण नाही. आठवण सांगते, विगन. २०२५च्या वसंतात लीड्सकडे भक्कम संघ होता, गोलफरक सर्वांत चांगला होता, तरी मार्च-एप्रिलमध्ये प्रत्येक बरोबरीनंतर शहराच्या पोटात गोळा येत होता, तो याच कारणाने. जे पंधरा वर्षांचे होते त्यांना २०१९ आठवत होतं, पन्नाशीतल्यांना १९८७. त्या वर्षी प्ले-ऑफची पद्धत नुकतीच सुरू झाली होती आणि चार्ल्टनविरुद्धच्या निर्णायक फेरलढतीत जादा वेळेत आघाडी घेऊनही लीड्स हरला होता.

तीन सामन्यांत ४६ सामने

प्ले-ऑफबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण अपेक्षेची सर्वांत कठोर परीक्षा तिथे होते. १९८६-८७ पासून सुरू झालेल्या या पद्धतीमागचा हेतू सरळ होता. बढतीचा मार्ग फक्त वरच्या दोन-तीन क्रमांकांपुरता राहिला तर फेब्रुवारीपर्यंत अर्ध्याहून अधिक क्लबांचा मोसम संपून जातो. सहाव्या क्रमांकापर्यंत संधी ठेवली की दहाव्या-बाराव्या क्रमांकावरचा क्लबही एप्रिलपर्यंत जिवंत राहतो. आशा जास्त लोकांत वाटली जाते.

याची किंमतही आहे. २०२४-२५ मध्ये शेफील्ड युनायटेड ९० गुणांसह तिसरा आला आणि संडरलँड ७६ गुणांसह चौथा. दोघांत चौदा गुणांचं अंतर. संडरलँडने साखळीतले शेवटचे सामने ओळीने गमावले होते. उपांत्य फेरीत कॉव्हेंट्रीविरुद्ध जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी डॅन बॅलर्डने हेडर मारला आणि संडरलँड वेम्बलीला पोचला. २४ मेच्या अंतिम सामन्यात शेफील्डने आघाडी घेतली. संडरलँडने बरोबरी साधली आणि पंच्याण्णवाव्या मिनिटाला टॉम वॉटसनच्या गोलने २-१ असा निकाल लागला. आठ वर्षांनी संडरलँड प्रीमिअर लीगमध्ये परतला. मधली चार वर्षं तर त्यांनी तिसऱ्या श्रेणीत काढली होती.

शेफील्डच्या चाहत्यांवर अन्याय झाला का? चौदा गुणांचं अंतर पाहिलं तर झाला असं वाटतं. पण नियम ऑगस्टपासून सगळ्यांना माहीत होते, आणि तेच नियम एखाद्या वर्षी आपल्याला सहाव्या क्रमांकावरून वर नेतील ही आशा शेफील्डच्या चाहत्यानेही कधी ना कधी बाळगलेली असते.

दुःख मोठं, तरी माणसं येतात

या भावनेचं मोजमाप करण्याचा प्रयत्न ससेक्स विद्यापीठातल्या पीटर डॉल्टन आणि जॉर्ज मॅकेरन या अर्थशास्त्रज्ञांनी केला. हजारो लोकांच्या फोनवर दिवसातून अधूनमधून एक प्रश्न यायचा : आत्ता तुम्ही किती आनंदात आहात? त्या उत्तरांची सांगड त्यांनी फुटबॉलच्या निकालांशी घातली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार पराभवाचं दुःख विजयाच्या आनंदापेक्षा बरंच मोठं असतं आणि जास्त काळ टिकतं. म्हणजे नुसता हिशेब मांडला तर चाहता होणं हा तोट्याचा व्यवहार ठरतो.

मग माणसं का येतात? मला वाटतं, मोजमाप सामन्याच्या आधी-नंतरच्या काही तासांचं होतं आणि चाहत्याचं आयुष्य त्याहून लांब असतं. आजोबा ज्या दरवाजाने स्टेडियमात शिरायचे त्याच दरवाजाने नातू शिरतो. शेजारच्या खुर्चीवर गेली वीस वर्षं तोच माणूस असतो. त्याचं आडनाव ठाऊक नसतं, पण गोल झाला की पहिली मिठी त्याला. या सगळ्यांनी मिळून एका गोष्टीची वाट पाहायची, यातच पुष्कळ काही मिळालेलं असतं.

ही गोष्ट लीड्सला २०२० मध्ये फार कठीण पद्धतीने कळली. क्लबच्या स्थापनेला शंभर वर्षं पूर्ण झाली होती आणि सोळा वर्षांनी प्रीमिअर लीग हाताशी आली होती. मार्चमध्ये कोरोनाने सगळं थांबवलं. एप्रिलमध्ये क्लबचे जुने, लाडके बचावपटू नॉर्मन हंटर कोरोनाने गेले. जुलैमध्ये त्यांचे जुने सहकारी जॅक चार्ल्टन गेले. रिकाम्या स्टेडियममध्ये सामने पुन्हा सुरू झाले होते. १७ जुलैला वेस्ट ब्रॉम हडर्सफील्डकडून हरला आणि लीड्स न खेळताच वर गेला. हजारो लोक बंद फाटकांबाहेर जमले. पुढचा जवळपास अख्खा मोसमही प्रेक्षकांविना गेला. घरच्या मैदानावर चाहत्यांना आत यायला मिळालं ते शेवटच्या सामन्याला, मे २०२१ मध्ये, तेही फक्त ८,०००. संघ नवव्या क्रमांकावर आला, ५९ गुण मिळाले; बढती मिळवलेल्या क्लबसाठी हे मोठंच यश. पण ज्यांनी सोळा वर्षं वाट पाहिली त्यांना ते पडद्यावर पाहावं लागलं. एकत्र उभं राहून पाहण्याची अपेक्षा अपुरीच राहिली. २०२५ मध्ये ईस्टर मंडेला स्टोकला ६-० हरवल्यावर बढती पक्की झाली तेव्हा शहराने जो आनंद केला, त्यात पाच वर्षांपूर्वीची ती उणीव भरून काढण्याची घाईही होती.

वर गेल्यावर

बढतीचा पैशाशी असलेला संबंध टाळून पुढे जाता येत नाही. प्रीमिअर लीगमध्ये अगदी तळाला राहणाऱ्या क्लबलाही प्रक्षेपणाच्या उत्पन्नातून वर्षाला दहा कोटी पौंडांहून अधिक, म्हणजे हजार कोटी रुपयांच्या वर रक्कम मिळते. चॅम्पियनशिपमधल्या सर्वसाधारण क्लबला त्याच्या एक-दशांशाच्या आसपास. खाली घसरलेल्या क्लबांना धक्का सोसावा म्हणून ‘पॅराशूट’ रक्कम दिली जाते. प्रीमिअर लीगच्या क्लबांना समान वाटल्या जाणाऱ्या प्रक्षेपण उत्पन्नाच्या हिश्श्यापैकी पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ टक्के आणि क्लब वर एकाहून अधिक मोसम राहिला असेल तर तिसऱ्या वर्षी २० टक्के. यामुळे घसरलेले क्लब खालच्या श्रेणीत इतरांपेक्षा श्रीमंत असतात आणि पुन्हा वर जाण्याची त्यांचीच शक्यता जास्त. वर गेल्यावर मात्र त्यांना त्याहून श्रीमंत क्लब भेटतात.

ही दरी रुंदावत चालली आहे. बढती मिळालेले तिन्ही क्लब एकाच मोसमात परत खाली जाणं १९९७-९८ मध्ये पहिल्यांदा घडलं. त्यानंतर पाव शतक तसं झालं नाही. मग २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी लागोपाठ दोन वर्षं झालं. चाहत्यांच्या अपेक्षेवर याचा थेट परिणाम झाला. पूर्वी बढतीनंतरचं स्वप्न तक्त्याच्या मध्यावर स्थिरावण्याचं असे. आता ‘सतराव्या क्रमांकावर राहिलो तरी चालेल’ हीच मोठी मागणी मानली जाते.

तरीही कुणी वर जायचं नाही म्हणत नाही. १९९७ मध्ये बार्न्सली हा खाणकामगारांच्या गावचा क्लब इतिहासात पहिल्यांदा अव्वल श्रेणीत पोचला. चेल्सीने त्यांना ०-६ हरवलं, मँचेस्टर युनायटेडने ०-७. वर्षभरात ते खाली आले. ज्या गावातल्या कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद पडल्या होत्या, त्या गावाचं नाव वर्षभर देशातल्या प्रत्येक फुटबॉल कार्यक्रमात घेतलं गेलं. बार्न्सलीत ते वर्ष आजही अभिमानाने सांगितलं जातं.

ल्यूटन टाउनची कहाणी तर या व्यवस्थेचं पूर्ण वर्तुळ दाखवते. २००८-०९ मध्ये ३० गुण कापले गेल्याने हा क्लब फुटबॉल लीगमधूनच बाहेर फेकला गेला. पाच वर्षं निम-व्यावसायिक संघांशी खेळला. २०१४ मध्ये परत आला, पायऱ्या चढत गेला आणि मे २०२३ मध्ये वेम्बलीवर कॉव्हेंट्रीला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून प्रीमिअर लीगमध्ये पोचला. पेली-रडॉक म्पांझू हा खेळाडू त्या तळापासून शिखरापर्यंत सतत संघात होता. त्यांचं केनिलवर्थ रोड मैदान इतकं दाटीत आहे की पाहुण्या चाहत्यांचा रस्ता घरांच्या रांगेखालून जातो. त्या मैदानात मँचेस्टर सिटी, लिव्हरपूल, आर्सेनल येऊन खेळले. २०२४ मध्ये ल्यूटन खाली आला आणि २०२५ मध्ये आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या श्रेणीत. म्हणून ती चढण व्यर्थ गेली असं म्हणता येईल का? चाहत्याने कायमच्या वास्तव्याची हमी मागितलीच नव्हती. आपणही तिथे जाऊ शकतो, एवढं त्याला सिद्ध झालेलं पाहायचं होतं.

पुण्याहून ब्लॅकबर्नला

या व्यवस्थेशी महाराष्ट्राचाही एक धागा जुळलेला आहे. १८८८ च्या संस्थापक क्लबांपैकी एक आणि १९९५चा प्रीमिअर लीग विजेता ब्लॅकबर्न रोव्हर्स नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज, म्हणजे ‘वेंकीज’ समूहाने विकत घेतला. २०१२ मध्ये क्लब प्रीमिअर लीगमधून खाली आला, २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला आणि एका वर्षात पुन्हा चॅम्पियनशिपमध्ये परतला. २०२२-२३ मध्ये सहाव्या क्रमांकावरच्या संडरलँडइतकेच ६९ गुण मिळवूनही गोलफरकाने त्यांची प्ले-ऑफची संधी हुकली. २०२४-२५ मध्येही ते सातवे राहिले.

वर गेलेल्यांची आणि खाली पडलेल्यांची दुःखं ठळक दिसतात. ब्लॅकबर्नसारख्या क्लबच्या चाहत्याचं दुःख मधल्या प्रतीक्षेचं असतं. एकदा विजेतेपद पाहिलेल्या माणसाला सहाव्या क्रमांकाची आशा धरावी लागते आणि तीही एखाद-दोन गुणांनी निसटते. त्याने मालकांकडे गुंतवणुकीची, स्पष्ट योजनेची मागणी करणं हा त्या अपेक्षेचाच भाग आहे. मैदानातलं दार उघडं असताना आपला क्लब त्यातून जाण्याचा पुरेसा प्रयत्न करतो आहे ना, हे विचारण्याचा हक्क तिकीट काढणाऱ्याला असतो.

आपल्या पायऱ्या कुठे आहेत?

आता भारताकडे वळू. २००७ मध्ये आय-लीग सुरू झाली आणि तिची पहिली सहाही विजेतेपदं गोव्यात गेली : धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली. तिच्यात क्लबना प्रवेश पैसे भरून मिळत होता. बढती नव्हती, घसरणही नव्हती. ती देशातली अव्वल स्पर्धा होणार आणि आय-लीगचे क्लब खाली राहणार हे दिसू लागल्यावर २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली. विजेता होऊनही वर जाता येणार नसेल तर खेळायचं कशासाठी, हा त्यांचा सवाल रास्त होता. मडगाव-पणजीच्या चाहत्यांच्या हातून त्या वर्षी सामने गेले, आणि त्याबरोबर काहीतरी होईल ही शक्यताही गेली.

दार थोडं उघडलं ते २०२३ मध्ये. आय-लीग विजेता म्हणून पंजाब एफसी आयएसएलमध्ये गेला. पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग गेला आणि त्या जुन्या क्लबच्या चाहत्यांनी मोठा उत्सव केला. २०२४-२५ मध्ये पुन्हा गोव्याची पाळी आली असं वाटलं. चर्चिल ब्रदर्स ४० गुणांवर होते आणि एप्रिलमध्ये त्यांना विजेता घोषित करण्यात आलं. पण खेळाडूंच्या पात्रतेच्या आणि नोंदणीच्या वादांवरून प्रकरण स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे गेलं. जुलैमध्ये लवादाने प्रतिस्पर्धी इंटर काशीला विजेता ठरवलं.

लवादाचा निर्णय कायद्याने योग्यच असेल. पण त्या तीन महिन्यांत दोन्ही क्लबांच्या चाहत्यांच्या वाट्याला काय आलं याचा विचार व्हायला हवा. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा कुणालाच आनंद करता आला नाही आणि रडताही आलं नाही. बढतीच्या अपेक्षेचा प्राण तिच्या निश्चित मुदतीत असतो. मे महिन्यात, मैदानावर, हजारो साक्षीदारांसमोर निकाल लागतो, म्हणूनच हरणाराही तो मान्य करून ऑगस्टमध्ये परत येतो.

चाहत्याला बढतीतून काय हवं, या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. त्याला वरच्या श्रेणीतल्या विजयांची खात्री नको असते. आपल्या गावाची जागा कुणी कायमची ठरवून टाकलेली नाही, ती खेळून बदलता येते, एवढा भरवसा त्याला हवा असतो. साउदॅम्प्टनचे १२ गुण, बार्न्सलीचे पराभव, ल्यूटनची घसरण हे सगळं पाहूनही दर ऑगस्टला तो भरवसा नव्याने उभा राहतो, कारण इंग्लंडमध्ये १८९८ पासून नियमाने तो पाळला आहे.

भारतीय फुटबॉलमध्ये प्रेक्षक येत नाहीत अशी तक्रार वारंवार ऐकू येते. पेठापेठांतल्या तालीम संघांसाठी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर होणारी गर्दी पाहिली तर लोकांना फुटबॉलचं वेड नाही असं कुणी म्हणणार नाही. प्रश्न त्या वेडाला वर जाण्याची वाट देण्याचा आहे. पेठेतल्या संघापासून देशाच्या अव्वल श्रेणीपर्यंत सलग पायऱ्या हव्यात. त्यावर चढताही यायला हवं आणि उतरावंही लागायला हवं. २०२५ मध्ये आयएसएलच्या तळाला राहिलेल्या मोहमेडनला घसरण नव्हती. त्यामुळे तळाच्या लढतींतली धास्ती गेली आणि धास्तीबरोबर अर्थही गेला. बढती आणि घसरण दोन्ही लागू करा, नियम मोसमाआधी पक्के करा, वाद मोसम संपण्याच्या आत मिटवा. ही तीन कामं झाली तर चाहते निर्माण करण्यासाठी वेगळी मोहीम काढावी लागणार नाही. मार्च महिन्यात हातात फोन घेऊन दुसऱ्या मैदानावरचा गोलफलक तपासणारी माणसं मडगावात आणि कोल्हापुरातही दिसतील.